धानमायचा गुरुवार

शिरपूरची बैलांची दमणी दारात थांबली, तेव्हा पंचफुलाआत्या पडवीत उडीद पाखडत बसली होती. आधी व्याही जगदेवराव उतरले. मागून सोबतच्या म्हातारीनं कस्तुराला दोन्ही दंडांना धरून खाली घेतलं. आठच दिवस झाले होते पोरीला नांदायला पाठवून. हिरवं लुगडं नेसून, मान खाली घालून गेली होती. आता तिचे ओठ सोलले होते, डोळे आत गेले होते, आणि हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. पंचफुलाच्या हातातलं सूप कलंडलं नि उडीद पडवीभर झाले.

"चार दिवस झाले, तुमच्या पोरीनं आमच्या घरचा दाना तोंडात नाही घातला," जगदेवराव म्हणाले. "पानी पेते, बस. इचारलं त म्हनते, धानमायचा गुरुवार धरला हाये. आता तुमीच सांगा, हा गुरुवार कोन्या देवाचा, अन घातला कोनं."

दौलतराव पाटील आतून धोतराचा सोगा सावरत आले होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं आणि मग थोरल्या बहिणीकडे पाहिलं. पंचफुला खाली वाकून उडीद गोळा करायला लागली. उत्तर तिला माहीत होतं. तो गुरुवार तिनंच घातला होता.

आता खरं सांगायचं तर त्यात तिचा हेतू वाईट नव्हता. नवव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी कपाळ पांढरं, आणि तेव्हापासून सदतीस वर्षं भावाच्या घरी. अशा बाईला घरात दोन वेळचं जेवण असतं, मान नसतो. पंचफुलाला मान होता, तो तिच्या कहाण्यांमुळे. अक्षर एक येत नव्हतं, पण चाळीस कहाण्या तोंडपाठ. गावातल्या कुठल्याही बाईनं व्रत धरलं, की मुठीत ज्वारीचे दाणे घेऊन पंचफुलासमोर बसायचं. तिची कहाणी झाल्याशिवाय उपास सुटत नसे. हातात दाणे असले की मधेच उठायचं नाही, आणि कहाणीत जे सांगितलं असेल ते करायचं, ही रीत. मुलकी पाटलांची पाटलीणबाईसुद्धा तिथं खालीच बसायची.

धानमाय आली ती रंगूच्या पुस्तकातून. रंगू म्हणजे मधल्या भावाची मुलगी. तो तापानं गेला, तेव्हा दौलतरावांचा हात धरून म्हणाला होता, की माझ्या पोरीला शिकवा. दौलतरावांनी शब्द पाळला. सगळं गाव तोंडाला पदर लावून हसत होतं, तरी रंगू अमरावतीला कॉलेजात इंटरपर्यंत पोचली. एका शाळामास्तरीणबाईंच्या घरी राहायची. एकोणीस पूर्ण झाली तरी बिनलग्नाची, आणि तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान कस्तुराचं लग्न वैशाखात होऊन गेलं. रंगूची आई अनसाबाई या गोष्टीनं आतल्या आत वाळत चालली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगू मोठ्यानं अभ्यास करायची. इंग्रजी कवितांत जागोजाग ग्रीस देशाच्या जुन्या देवांची नावं, ती पाठ केल्याशिवाय कविता कळत नाही, असं तिनं सांगितलं. पंचफुला जात्यावर बसून ऐकायची नि एकेका देवाचा निकाल लावायची. त्यांचा थोरला देव दिसेल त्या बाईच्या मागं लागतो हे कळल्यावर तिनं त्याला तिथंच रद्द केलं. पण मग धान्याची देवी आली. तिची एकुलती लेक फुलं तोडत होती, जमीन फाटली, पाताळाचा राजा वर आला आणि पोरीला रथात घालून घेऊन गेला. देवीनं टाहो फोडला. लेक मिळेना म्हणून तिनं जगातलं पीक बंद केलं. माणसं मरायला लागली, तेव्हा कुठं देवांना जाग आली आणि पोरीला परत पाठवायचं ठरलं. पण पोरीनं पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. तिथलं खाल्लं तो तिथला झाला. म्हणून वर्षातले काही महिने आईकडे, काही महिने पाताळात.

जातं थांबलं होतं. पंचफुलानं तेवढा भाग रंगूकडून तीनदा सांगून घेतला.

श्रावणात तिनं ती कहाणी बायकांना सांगितली. पण नियम नाही, फळ नाही, उद्यापन नाही, अशी कहाणी तिच्या तोंडून निघायची कशी? तिनं सगळं घातलं. पाच गुरुवार धरावे. पिकाचा पहिला मूठभर दाणा सासरी गेलेल्या लेकीच्या नावानं बाजूला ठेवावा. आणि गुरुवार धरलेल्या लेकीनं उद्यापन होईपर्यंत सासरचा दाणा खाऊ नये. त्या गुरुवारी एकही बाई कोरड्या डोळ्यांनी घरी गेली नाही. मंगरूळची बांगड्यावाली रहमतबी तेव्हा ओसरीवर टेकली होती, तीही डोळे पुसत उठली. बांगड्या भरायला ती ज्या ज्या गावी गेली, तिथं तिथं धानमाय पोचली. शिरपुरात जगदेवरावांच्या घरी बायकांनी तिच्याकडूनच ऐकलं होतं, की ही कहाणी दौलतरावांच्या पंचफुलाबाईची आणि मूळ त्यांच्या कॉलेजातल्या पोरीची.

आईवेगळ्या कस्तुराला पंचफुलानं आत नेऊन ज्वारीच्या कण्यांची पेज दिली. पोरीनं तीन वाट्या रिकाम्या केल्या. तिसरी संपल्यावर खाली पाहत ती बोलली.

"आत्या, कोनाले सांगनार नाही असं म्हन."

"नाही सांगनार. बोल."

"मले माहीत होतं, ते रंगूताईच्या पुस्तकातलं हाये. तिनंच मले सांगतलं होतं. मी मुद्दाम नाही खाल्लं." तिनं वाटी बाजूला सरकवली. "तिथं मले कोनी नावानं हाक नाही मारत. नवे, पानी आन. नवे, चूल पेटव. सोळा मानसं हायेत घरात, अन हे अकोल्याले. मारत नाहीत, उपाशी नाही ठेवत. पन आठ दिवसांत माहं नाव कोनाच्या तोंडून नाही आलं. मले घरी यावंसं वाटे. रुसून बसली असती त मार बसला असता. वरताचं नाव घेतलं त कोनी अंगाले हात नाही लावत."

पंचफुलानं रिकामी वाटी उचलली. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट आपण या पोरीला इतकी वर्षं बावळट समजत होतो याची लाज वाटली. मग भीती वाटली. कारण हे जगदेवरावांच्या कानावर गेलं, तर सोळा माणसांच्या घरात कस्तुराची उरलेली जिंदगी खोटारडी म्हणून जाणार होती.

बाहेर ओसरीवर तोवर निकाल होत आला होता. जगदेवरावांचं म्हणणं साधं होतं. ते काही दुष्ट माणूस नव्हते. घरात सून चार दिवस उपाशी बसली, गावात बोभाटा झाला, वेचणीच्या ऐन दिवसांत त्यांच्या दोन चुलतसुना माहेरी जायचं म्हणून अडून बसल्या. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. ही कहाणी बंद व्हावी, आणि ती जिथून आली ते कॉलेजही बंद व्हावं. परदेशी देव घरात आणणारी मुलगी बिनलग्नाची ठेवली म्हणून हे झालं, असं ते म्हणाले. त्यांचा एक पुतण्या होता. माघात लग्न उरकता येईल असंही त्यांनी सुचवलं.

दौलतराव लगेच हो म्हणाले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण नाहीही म्हणाले नाहीत. अमरावतीच्या मास्तरीणबाईंची बदली झाल्याचं पत्र दिवाळीतच आलं होतं, आणि तरणी पोर आता कुणाच्या भरवशावर ठेवायची हा घोर त्यांना होताच. त्यांनी आत येऊन अनसाबाईला विचारलं. तिनं पदर तोंडाशी नेला आणि मान हलवली. होकारच होता तो. तिच्या अंगावरचं ओझं उतरत होतं, मग ती नाही कशाला म्हणेल?

रंगूनं मात्र पंचफुलाला मागच्या अंगणात गाठलं.

"आत्या, पुस्तकात असा नियम कुठं हाये? दाना खाऊ नये हे तुझ्या मनचं. मी कधी सांगतलं?"

"पुस्तकात नसंल. कहानीत लागते."

"काहून लागते?"

"नियम नाही त बायकायनं ते ऐकून करावं काय?"

रंगू म्हणाली, की मग हे तू मोठ्या बाबांना जाऊन सांग. इतिहासाच्या सरांनी सगळ्यांना आपापल्या गावच्या चालीरीती लिहून आणायला सांगितलं आहे, पोथीत नसलेला, घराघरांतला इतिहास. तिनं सतरा पानं लिहिली होती. दिवाळीची सुट्टी संपून गुरुवारी कॉलेज उघडतं, त्यापुढं आठवडाभर पोचली नाही तर नाव कटेल, परीक्षेला बसता येणार नाही. माझं अख्खं आयुष्य तुझ्या एका नियमात अडकलं, असं ती बोलली आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं दचकून गप्प झाली.

पंचफुला विहिरीच्या कठड्यावर बसली. कस्तुराचं गुपित फोडलं तर दोष पुस्तकावरून उठून रंगू सुटत होती. ते झाकलं तर रंगू बुडत होती. दोघी तिनंच खेळवलेल्या, दोघींची पहिली टाळू तिनंच भरलेली. बराच वेळ ती पायानं माती उकरत राहिली. मग उठली, तोंडावर पाणी मारलं, कोठीतून ताटलीत ज्वारी घेतली आणि रंगूला म्हणाली, "पुस्तक घे अन चाल माह्यासंगं."

दुपारची जेवणं होऊन ओसरीवर पान चाललं होतं. पंचफुला सरळ पुरुषांच्या बैठकीपुढं जाऊन उभी राहिली. सदतीस वर्षांत ती तिथं कधी आली नव्हती. दौलतरावांनी "अक्का" एवढंच म्हटलं. तिनं ताटलीतली ज्वारी जगदेवरावांच्या हातावर घातली, मग भावाच्या हातावर.

"कहानी बंद करा म्हनता, इवाईबुवा. मी बंद करीन. पन न ऐकता कशी बंद करता? मूठ झाका अन ऐका."

जगदेवरावांनी दाण्यांकडे पाहिलं. बायकांच्या व्रताचे दाणे आजवर त्यांच्या हातावर कुणी ठेवले नव्हते. पण दाणे टाकायचे कसे? शेतात कापूस उभा होता, तूर फुलावर होती. त्यांनी मूठ झाकली.

रंगूनं आधी पुस्तकातलं इंग्रजी वाचलं आणि ओळीओळीनं मराठीत सांगितलं. तिचा आवाज सुरुवातीला बसलेला होता, मग लागला. माजघराच्या दारात अनसाबाई येऊन उभी राहिली, तिच्यामागं कस्तुरा. देवी लेकीला शोधत गावोगाव फिरते, म्हातारीचं रूप घेऊन विहिरीच्या काठावर बसते, तिथं कुणी तिला ओळखत नाही, असा भाग आला आणि रंगू पान उलटायला थांबली.

"मंग?" जगदेवराव म्हणाले. "पोट्टी भेटली का नाही?"

दौलतरावांनी खाली मान घालून मिशीवरून हात फिरवला. रंगूनं शेवटपर्यंत वाचलं. डाळिंबाचे दाणे, देवांचा निवाडा, काही महिने वर, काही महिने खाली. मग पुस्तक मिटलं.

"झालं?" दौलतरावांनी विचारलं. "अन गुरुवार?"

"गुरुवार पुस्तकात नाही," पंचफुला म्हणाली. "उपास नाही, नियम नाही. ते सारं मी घातलं. या पोरीचा त्यात कवडीचा दोष नाही, तिच्या कॉलेजाचा नाही, अन कस्तुराचाही नाही. तिनं आत्यानं सांगतलं ते केलं."

मागं दाराची कडी वाजली. कस्तुरानं चौकट घट्ट धरली होती.

"काहून घातलं, बाई?" जगदेवरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजातला सकाळचा ताठा गेला होता.

पंचफुलाला वाटलं होतं, की इथं काहीतरी सांगून वेळ निभावून न्यायची. पण तोंडातून खरंच आलं.

"मी नऊ वर्साची होती. सासरी पयल्या रात्री भूक नोती, खा म्हनलं, खाल्लं. अकरा वर्सं खाल्लं. माय एकदाही घ्यायले नाही आली. रंगूनं हे सांगतलं, त माह्या मनात आलं, मी तवा खाल्लं नसतं त माय आली असती. येडेपना हाये, मले समजते. पन मले तसं वाटलं, म्हून मी ते घातलं."

दौलतराव तेव्हा पाच वर्षांचे होते. अक्का सासरी गेली त्या दिवशी आई दिवसभर चुलीपाशी बसून होती आणि तिनं स्वयंपाक केला नव्हता, एवढंच त्यांना आठवत होतं. आजवर हे त्यांनी बहिणीला कधी सांगितलं नव्हतं, आणि आताही त्यांना बोलता येईना.

मग पंचफुलानं डोळे पुसले नि कामाचं बोलायला सुरुवात केली. नियम तिचा होता, पण पोरीनं व्रत खऱ्या मनानं धरलं होतं. धरलेलं व्रत अर्धं टाकलं तर त्याचा दोष दोन्ही घरांना. म्हणून कस्तुरा पाच गुरुवार माहेरी राहील, उद्यापन होईल, मग जगदेवरावांनी स्वतः येऊन तिला न्यावं. दरसाल श्रावणात तिला माहेरी पाठवावं. आणि उद्यापनाचा शेवटचा नियम असा, की सासरच्या थोरल्या माणसानं लेकीला तिच्या नावानं हाक मारावी, आणि घरात सगळ्यांनी पुढंही तशीच मारावी. नाहीतर गुरुवार फळत नाही.

रंगूनं चमकून आत्याकडे पाहिलं. पुस्तकात हे अर्थातच नव्हतं. तिनं पुस्तक पदराखाली सरकवलं.

जगदेवरावांनी मूठ उघडून दाणे पाहिले. घामानं ते हाताला चिकटले होते. दारातल्या सुनेकडे त्यांनी पाहिलं, घसा साफ केला.

"कस्तुरा," ते म्हणाले. दोनदा म्हणावं लागलं, पहिल्या वेळी नीट निघालं नाही. "कस्तुरा, जेवली का तू?"

पोरीनं होकार दिला आणि पदरात तोंड घालून आत पळाली.

जगदेवराव पुन्हा पंचफुलाकडे वळले. ते सगळं मान्य होतं त्यांना. पण एक शब्द त्यांना हवा होता, आणि तो त्यांनी मागितला. पंचफुलानं ताटलीतले दाणे मुठीत घेऊन शपथ घेतली. या गावात आणि शिरपुरात ती पुन्हा कधीही कहाणी सांगणार नाही. धानमायची नाही, दुसरी कुठलीच नाही. त्याच्या बदल्यात रंगूच्या कॉलेजाचं नाव कुणी काढायचं नाही. शपथ घेताना तिचा आवाज हलला नाही. पण नंतर परसात जाऊन ती निंबाला धरून उभी राहिली आणि आतून कुणी हाक मारली तरी आली नाही. आता या घरात ती नुसती एक विधवा बहीण होती.

पुतण्याचं स्थळ मागं पडलं. रंगूनं अमरावतीत राहायचं कुणापाशी, हा घोर तेवढा उरला. संध्याकाळी दौलतरावांनी तो काढला, तेव्हा पंचफुलानं ताट वाढता वाढता उत्तर दिलं. "मी जातो तिच्यासंगं. इथं आता माहं काय काम हाये?" दौलतरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, की तिथं तुला करमायचं नाही, अक्का. ती म्हणाली, "इथंही नाही करमनार."

गुरुवारी सकाळी गडी लखमानं घरची दमणी जुंपली. कारंज्याहून मूर्तिजापूरची गाडी धरायची होती. पंचफुलाचं सामान म्हणजे एक गाठोडं आणि पितळी तांब्या. दौलतरावांनी वाकून बहिणीचे पाय धरले आणि बऱ्याच वेळानं सोडले. "तू गेली त्या दिवशी माय जेवली नोती, अक्का," ते खालीच पाहत म्हणाले. पंचफुलानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. अनसाबाई कुठं दिसली नाही. लेक निघाली तरी आई भेटायला आली नाही, हे रंगूला फार लागलं.

गावाची शीव म्हणजे नाल्यापलीकडचा दगड. दमणी नाल्यातून वर चढली आणि लखमानं कासरा ओढला. बांधावर, चिंचेखाली, पंचवीसतीस बायका बसल्या होत्या. पाटलीणबाई होती, मांगवाड्यातल्या दोघी थोड्या अंतरावर होत्या, आणि मंगरूळला निघालेली रहमतबी डोक्यावरचा हारा खाली ठेवून बसली होती. सगळ्यांच्या पुढं कस्तुरा, आणि तिच्या शेजारी अनसाबाई. प्रत्येकीची उजवी मूठ झाकलेली.

"बायायहो, मी शपथ घेतली हाये," पंचफुला दमणीतूनच म्हणाली. "मले पाप नका लावू."

अनसाबाई उठली. ही बाई मोठ्या दिराच्या पुढं आयुष्यात कधी उंच आवाजात बोलली नव्हती.

"गावात नाही सांगनार म्हनलं होतं तुमी. शीव तं मांगं राह्यली."

पंचफुलानं वळून दगडाकडे पाहिलं, मग रंगूकडे. "गाडी चुकन, बाई तुही."

रंगूनं पिशवीतून सतरा पानांची वही काढली होती आणि ती टाक शोधत होती. "उद्याची धरू," ती म्हणाली. "एक दिवसाचा दंड घेतील, नाव नाही कापत. तू उतर."

पंचफुला उतरली. बायकांनी सरकून तिला मधे जागा केली. अनसाबाईनं आपल्या मुठीतले अर्धे दाणे तिच्या हातावर घातले, आणि पंचफुला सांगायला लागली.